बाईंचं सेटिंग

दुपारची झोप हे वेधशाळेतल्या माणसाचं कामच असतं. घरी कुणी भर दुपारी अंथरूण पसरलं तर त्याचा उद्धार होतो. इथे जो झोपत नाही त्याला बोलणी बसतात, कारण संध्याकाळनंतर पेंगून चालत नाही. वृंदा तेच काम करायला खोलीत आली आहे. तिने खिडकीचा जाड काळा पडदा ओढून घेतलाय, हिटर लावलाय, दशांची जुनी शाल गळ्यापर्यंत घेतलीय. पडद्यापलीकडे हिमालयातलं कडक ऊन आहे. अलीकडे काळोख आहे, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांमागे एक आरसा सावकाश वळतो आहे.

त्या आरशाला ग्रेटिंग म्हणतात. दुर्बिणीच्या पाठीला स्पेक्ट्रोग्राफ नावाची मोठी पेटी जोडलेली असते, तिच्या पोटात तो बसलेला असतो, आणि त्याच्यावर केसाहून बारीक रेघा ओढलेल्या असतात. ताऱ्याचा उजेड त्याच्यावर पडला की मिटलेल्या पंख्यासारखा उलगडतो. ही पेटी बघते तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त. पण अख्खा पंखा एका वेळी टिपायची तिची ऐपत नाही. म्हणून आरसा जरासा इकडे किंवा तिकडे वळवायचा आणि ठरवायचं, आज कुठली घडी बघायची. या वळवण्याला सगळे सेटिंग म्हणतात, आणि ज्याने ते पहिल्यांदा लावलं त्याचं नाव त्याला पडतं, अशी इथली रीत. वृंदाच्या जोडीला काम करणाऱ्या देवदत्तचंही एक आहे. ते फारसं कुणी वापरत नाही आणि तो ते मनाला लावून घेतो. सगळ्यांत जास्त चालतं ते बाईंचं.

बाई म्हणजे डॉ. उषा नाडगौडा. ही पेटी त्यांनी उभी केली, वृंदाला त्यांनी शिकवलं, आणि गेल्या पौषात त्या गेल्या. त्याआधी पुष्कळ वर्षांपूर्वी, एका ऑक्टोबरात, त्यांना कृत्तिकांजवळच्या एका कोवळ्या ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनची एक रेघ सापडली होती. तारा मधूनच भडकतो आणि वायू बाहेर फेकतो, असं त्या म्हणाल्या. दोन पहाटा ती रेघ दिसली आणि मग विझली. परिषदेत एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत सांगितलं की बाईंनी आभाळाचा स्वतःचा उजेड नीट झाडून काढलेला नाही, उरलेल्या केरालाच त्या तारा म्हणताहेत. लोक हसले. बाईसुद्धा हसल्या, पण परतीच्या प्रवासात त्या वृंदाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

तोच तारा गेल्या आठवड्यात पुन्हा भडकलाय. मार्च आहे, तारा संध्याकाळी पश्चिमेला उतरू लागलाय, थोड्याच दिवसांत तो सूर्याआड जाईल, पाठोपाठ पावसाळा येईल, आणि पुन्हा दिसेल तोवर त्याचा झटका ओसरलेला असेल. वृंदाच्या वाट्याला आजची संध्याकाळ आली आहे. आज वायू दिसला तर बाईंचं म्हणणं खरं ठरेल. नाही दिसला तर ते हसणंच शेवटचं.

जेवताना देवदत्तने विचारलं होतं, "मग बाईंचंच ना?"

"बाईंचंच," ती म्हणाली होती.

"झालं तर. मी लावून ठेवतो, तू जाऊन पड."

इतकं सोपं. तरी झोप येत नाही. कुठेतरी काहीतरी टोचतंय, मोज्यात खडा राहिल्यासारखं. वृंदा कूस बदलते. हिटर घुमतो. पलंग किंचित मागे जातो, किंचित पुढे येतो, आणि ती विचार करते की इथे भूकंप नेहमीचेच आहेत, त्यात एवढं काय.

पलंगाला कड्या आहेत. पितळेच्या, वर कुठेतरी काळोखात गेलेल्या. तो झोपाळा आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बाई बसल्या आहेत.

बाईंच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये झोपाळा कधीच नव्हता. गॅलरी इतकी अरुंद की कपडे वाळत घातले की माणसाला जागा उरत नसे. झोपाळा होता तो त्यांच्या मिरजेच्या माहेरी, आणि तो वृंदाने फक्त ऐकलेला. आता मात्र ती त्यावर बसली आहे आणि गॅलरीही पुण्याचीच आहे. बाई घरातल्या सपातांत आहेत. मांडीवर परडी आहे, आणि त्या गजरा ओवताहेत. वृंदा नीट बघते. परडीत फुलं नाहीत, तांबड्या-पिवळ्या वायरी आहेत.

"आलीस? उशीर केलास."

"आत्ताच डोळा लागला, बाई."

"तेच म्हणते. कधीची नुसती कूस बदलत होतीस."

बाई गेलेल्या आहेत हे वृंदाला पक्कं ठाऊक आहे. पण ते काढायचं नाही, एवढंही तिला कळतं. चारचौघांत कुणाचं वय काढू नये तसं. ती बाईंच्या हातांकडे बघत राहते. डाव्या अंगठ्यावरून दोरा येतो, वायरींना विळखा घालतो, स्वतःच्याच फासातून जातो आणि घट्ट बसतो. पेटीच्या पोटातल्या सगळ्या वायरी बाईंनी अशाच बांधल्या आहेत. प्लास्टिकचे पट्टे तिथल्या थंडीत तडकायचे, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, माझी आई गजऱ्याला जी गाठ घालते ती घालून बघू. ती गाठ आजतागायत सुटलेली नाही. वृंदाला त्यांनी ती कितीदा शिकवली, पण वृंदाच्या हातात दरवेळी दोऱ्याचा नुसता गुंता झाला.

"आज काय लावलंयस?" बाई विचारतात.

"तुमचंच सेटिंग."

"माझं? माझं कुठलं?"

"असं काय बाई. थोरलीवरचं."

हायड्रोजनचा वायू ठरावीक जागी उजळतो. त्याच्या पुष्कळ रेघा आहेत, पण कामाच्या दोन: एक ठळक, एक अंधूक. बाई त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायच्या, घरातल्या सुनांना म्हणावं तसं. ऑक्टोबरात त्यांना सापडली ती थोरली.

"चल, बघू," बाई म्हणतात आणि उठतात.

गॅलरीच्या दारातून आत गेलं की स्वयंपाकघर. पण आज आत थंडी आहे, हाडं वाजवणारी, आणि हवाच नाही. पेटीच्या पोटात हवा नसते, ती उपसून काढलेली असते. हे वृंदाला आठवतं आणि तरीही तिचा श्वास चालू राहतो. ओटा तोच आहे. मिसळणाचा डबाही आहे. फक्त गॅसच्या जागी ग्रेटिंग बसलंय, आणि त्याच्यावरून सात रंग ओघळून बाईंच्या पातळावर पडलेत.

बाई सरळ त्याच्यावर बोट टेकवतात.

"बाई!" वृंदा किंचाळते. ग्रेटिंगला कुणी हात लावत नाही. त्याच्या दिशेने कुणी शिंकतसुद्धा नाही. एक ठसा पडला की आरसा कामातून गेला, आणि हे तिला शिकवलं कुणी, तर याच बाईंनी.

"ओरडू नकोस. बघ."

बोट उचललं जातं. आरसा लख्ख आहे.

"माझा ठसा उमटत नाही आता," बाई म्हणतात. फुशारकी नाही की दुःख नाही, दूध उतू गेलं नाही असं सांगावं तसं सांगतात. वृंदाला मात्र एकदम भरून येतं. अंत्यदर्शनाला आलं नव्हतं इतकं, या ओट्यापाशी येतं.

"रडायचं नंतर," बाई म्हणतात. "आधी बस."

दोघी पुन्हा झोपाळ्यावर आहेत. झोपाळ्यासमोर आता जुन्या घरांना असायची तशी खिडकी आहे, उभ्या लोखंडी गजांची. गज उजळलेले आहेत. वृंदा ते ओळखते. आपल्याला आभाळ काळं दिसतं, पण अवरक्तात ते स्वतःच चमकतं, आणि त्याच्या चमकत्या रेघा या अशा, ताऱ्याच्या उजेडावर आडव्या येतात. गज जाडजूड आहेत. त्यांच्या पलीकडे, दूर, एक नाजूक उभी रेघ लुकलुकते आहे.

"थोरली," वृंदा म्हणते.

"आता धर घट्ट."

बाई पायाने रेटतात. झोपाळा पुढे जातो, आणि रेघ गजाच्या कडेने बाहेर येते, स्वच्छ, सुटी, बघत राहावी अशी. "हा ऑक्टोबर," बाई म्हणतात. "पृथ्वी ताऱ्याकडे निघालेली. रेघ जराशी निळ्याच्या अंगाला सरकते आणि गजाबाहेर पडते. मला दिसली ती अशी."

झोपाळा मागे येतो. रेघ तांबड्याच्या अंगाला सरकत जाते, गजाच्या मागे जाते, आणि उरतो तो नुसता गज.

"आणि हा मार्च," वृंदा पुटपुटते.

झोपाळा मागेच थांबला आहे. कड्या तिरप्या, पाट तिरका, दोघी मागच्या मागे कललेल्या, आणि तो पुढे यायचं नावच घेत नाही. वृंदा जमिनीला पाय लावून रेटा देते. मग दोन्ही पायांनी देते. जमीन वाळूसारखी सरकते, झोपाळा मात्र जागचा हलत नाही.

"पायाने रेटून पृथ्वी हलते होय गं?" बाईंना हसू आवरत नाही. "पुढे येईल तो त्याच्या वेळेला. तोपर्यंत अर्धं वर्ष जाईल."

"पण बाई, तुमच्या मापाशी ताडून बघायचं तर तीच रेघ हवी. त्या लोकांना..."

"काय म्हणाले होते ते लोक?"

वृंदाच्या तोंडून ते निघणार नाही.

"मीच सांगते. बाईंनी आभाळ झाडलं नाही नीट, आणि केराला तारा म्हणाल्या." बाई दोरा दाताने तोडतात. "आता तू काय करणार? गजाआडची रेघ धरून बसणार, आभाळ वजा करणार. आभाळ काही एका जागी स्थिर राहत नाही, घटकेत वाढतं, घटकेत मंदावतं. वजा करून जे उरेल ते काय असेल?"

"केर," वृंदा म्हणते.

"म्हणजे ते पुन्हा तेच म्हणणार. आणि या खेपेला त्यांचं खरं असणार."

गॅलरीत कुणाच्या तरी घरातल्या फोडणीचा वास येतो. खाली रस्ता नाही, खाली दुर्बिणीचा घुमट आहे, वरून बघितल्यावर अगदीच उलटी ठेवलेली वाटी. वृंदाला आता कळतं, मोज्यात खडा होता तो हाच. आणि तो तिला कालच सापडला होता, हेही ती स्वतःपाशी कबूल करते.

"धाकटी मोकळी आहे," ती म्हणते. "तिच्या आजूबाजूला गजच नाही."

"मग?"

"अंधूक आहे फार. थोरलीच्या चौथ्या हिश्श्याइतकाही उजेड नाही तिला. आणि दोन्ही बघणं जमणार नाही. आरसा वळवला की पेटीतल्या दिव्यांची मापं नव्याने घ्या, तुलनेचा तारा नव्याने बघा. तोवर आपला तारा डोंगराआड जाईल. एकच काय ते निवडायचं."

"मला काय विचारतेस? मी मेलेली बाई." इतका वेळ झाकून ठेवलेलं बाईच उघडं करतात आणि झोपाळा कुरकुरतो. "दुर्बीण तुझी, संध्याकाळ तुझी. मला फक्त दाखव."

वृंदा ओट्याशी उभी आहे. ती ग्रेटिंगच्या कडेला, नुसत्या चौकटीला, दोन बोटं लावते आणि वळवते. आरशाबरोबर सगळं घरच वळतं. मिसळणाचा डबा सरकतो, दार सरकतं, खिडकी गजांसकट डावीकडे निघून जाते, आणि तिच्या जागी दुसरी खिडकी येते. हिचे गज एकमेकांपासून लांब आहेत. मधल्या रुंद काळ्या पट्ट्यात नखाने ओरखडा काढावा इतकी पुसट एक रेघ आहे.

"एकटीच आहे," बाई निरखून म्हणतात.

"एकटी आहे म्हणून तर दिसतेय."

"पुरेल उजेड?"

वृंदाचा आवाज वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा ठाम निघतो. "पुरेल, बाई. काल रात्री गणित मांडलंय मी. हवा कोरडी आहे, तारा भडकलेला आहे. अंधार पडल्यापासून तो मावळेपर्यंत दुसरीकडे कुठेही न बघता त्याच्यावरच बसून राहिलं, तर पुरेल. जेमतेम, पण पुरेल."

"मग दुपारी जेवताना का नाही बोललीस?"

"सगळे म्हणत होते बाईंचंच लावू. मला वाटलं, तुमच्या ताऱ्यावर तुमचं सेटिंग सोडून दुसरं लावायचं म्हणजे..."

"म्हणजे माझा अपमान!" बाई कपाळाला हात लावतात. "मी जिवंत होते तेव्हा एवढं ऐकलं असतंत तर पेटी दोन वर्षं आधी उभी राहिली असती. ते सेटिंग माझं कसलं, ऑक्टोबरचं होतं. मी त्या पहाटे पृथ्वी कुठे चाललीय ते बघितलं आणि मग आरसा वळवला. ते बघणं तेवढं माझं. ते सोडलंत आणि आकडा धरून बसलात."

वृंदाला हसू येतं, आणि हसता हसता डोळे वाहू लागतात. "बाई, तुमची फार आठवण येते."

"येऊ दे की," बाई म्हणतात, आणि आवाज थोडा खाली येतो. "फक्त आरसा वळवताना नको. तेव्हा ताऱ्याकडे बघ."

मग त्या वृंदाकडे वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. "उठलीस की सगळे मिळून तुला पुन्हा थोरलीवर नेतील, आणि तू भिडस्त. पदराला गाठ मारली असती, पण तुला पदर कुठला? शाल आण इकडे."

शालीच्या टोकाच्या दोन दशा त्या चिमटीत धरतात. डाव्या अंगठ्यावरून एक दशी येते, दुसरीला विळखा घालते, स्वतःच्याच फासातून जाते. बाईंचे हात थंड आहेत. वृंदा म्हणते, सावकाश करा ना बाई, या खेपेला मला बघू दे, आणि बाई सावकाश करतात, आणि तरीही नेमकं शेवटच्या वळणाला झोपाळ्याची कडी खणखणू लागते. एकसारखी खणखणते. थांबतच नाही.

फोन वाजतो आहे.

वृंदा उशापाशी चाचपडते. खोली, हिटर, पडदा. पडद्याच्या कडेची उन्हाची फट पिवळी होऊन खाली सरकली आहे.

"झोप झाली का?" देवदत्त नियंत्रण खोलीतून विचारतो. "दिवे लावून मापं घ्यायची वेळ झाली. बाईंचं सेटिंग लावून ठेवलंय. सुरू करू?"

"काढ ते."

"काय?"

"थोरली आज आभाळाच्या रेघेखाली आहे, देवदत्त. बाईंनी बघितली तेव्हा पृथ्वी ताऱ्याकडे चालली होती, आता ती लांब चाललीय. आपण धाकटीवर जाऊ. मी आकडा सांगते."

"अगं, पण बाईंच्या मापाशी ताडून बघायला..."

"माप तारा पुन्हा कधी ऑक्टोबरात भडकला तर ताडू. आज बाईंचं म्हणणं ताडायचंय. वायू आहे की नाही, एवढंच. धाकटीवर आभाळाचा केर नाही. तिथे दिसला, तर कुणाला हसता येणार नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर नाही दिसला हे आपल्याला नक्की कळेल. थोरलीवर तेही कळणार नाही. उजेड पुरतो. मी गणित केलंय, तूही करून बघ, मी येईपर्यंत होईल."

तिचा स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटतो, आणि आवडतोही. देवदत्त हुं म्हणतो. ती आकडा सांगते, तो परत म्हणून दाखवतो, आणि की-बोर्डचा आवाज येतो. पलीकडच्या इमारतीत, हवा नसलेल्या थंडगार पेटीत, आरसा आता वळू लागला असेल.

"वृंदा, हे सेटिंग आजवर कुणी लावलेलंच नाही," देवदत्त म्हणतो. "नाव विचारतंय. काय टाकू? बाई टू?"

फोन खांद्याने कानाशी धरून ती अंगावरून शाल काढायला जाते आणि तिची बोटं टोकाशी थबकतात. ती उठून पडदा सारते. उन्हात शालीच्या दोन दशा एकमेकींत अडकलेल्या दिसतात. विळखा, त्याच्यातून फास, फासातून टोक. ती एकदा ओढून बघते. पेटीतल्या वायरींची सुटत नाही, तशी हीसुद्धा सुटत नाही. आपल्या हातून आजवर ही कधी जमलेली नाही, झोपेत तर नाहीच नाही.

"हॅलो? नाव?"

"माझं टाक," ती म्हणते. "वृंदा."

शाल ती घडी घालून ठेवत नाही. तशीच खांद्यावर घेते, गाठीचं टोक मुठीत धरते आणि घुमटाकडे निघते.